नामाची दोन माणसांची गाडी

"गारी मानूस पुढं जायला घेतं, मागं जायला नाय," असं शिरवण्याचा नामा म्हणायचा, आणि म्हणताना नेमका मान वळवून, मागे बघत, गाडी गल्लीतून बाहेर काढत असायचा.

सरकारने शेतजमीन घेतली, तिच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड बिल्डरला देऊन त्याने ही लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार आणली होती. बांद्र्याच्या कुणा शौकिनाने वापरून टाकलेली. शिरवण्यात घरावर घर चढलेलं, गल्लीत गाडी वळेना. नाक गोठ्याच्या भिंतीला लावायचं आणि रोज उलटं निघायचं. गाडीचं सगळं आयुष्य असं पाठमोरं गेलं. पुढचे गिअर कोरे राहिले, रिव्हर्स झिजून मेला. आता बाहेर पडायचं तर मेव्हणे पुढून ढकलत.

त्यात त्याच्या बायकोने, गोजराने, नवस बोलला: चैत्रात अख्ख्या घराने एकाच गाडीतून एकविरेला जायचं.

"घरात नऊ मानसां, नि गारी दोघांची," ती म्हणाली. "सासूला काय टपावर बांधू?"

जीप हवी होती. त्यासाठी लाल गाडी विकायची, आणि ती घेईल असा एकच माणूस होता, जुईनगरचा हौसेराव.

हौसेराव जुन्या गाड्यांचा व्यापारी. वस्तू आवडली की तोंड कडू करायचा. नामाने गाडी गाळ्यापुढे आणून लावल्यावर त्याने टायरला लाथ घातली, मग बॉनेटला कान लावला, मेलेल्याच्या छातीला लावावा तसा.

"नामाशेठ, ही भंगारवाला पण नाय घेणार. कोणी गळ्यात मारली?"

"आदी चालवून बगा, शेट. मंग शिव्या द्या."

सानपाड्याकडचे रस्ते तेव्हा माणसांच्या आधी येऊन बसले होते. रुंद, रिकामे, कुठेच न जाणारे. गाडी सुटली. हौसेरावच्या तोंडातला कडूपणा विरघळायला लागला, तोच रस्ता मातीच्या ढिगाशी संपला. पुढे खारफुटी. हौसेरावचा हात गिअरवर गेला.

"रिव्हर्स कशाला?" नामा घाईने हसला. "एका दमात वलवून दाखवा. पन नको. तुमचं वय झालं."

"कोणाचं वय झालं?"

हौसेरावने स्टिअरिंग पार पिळलं. मुरूम उडवत, झुडपं घासत गाडी गर्रकन फिरली.

"काय, नामाशेठ?"

"मानला, शेट!"

परत आल्यावर, शेजारच्या दलालाची नजर नको म्हणून, हौसेरावने गाडी सरळ आपल्या अरुंद पत्र्याच्या गाळ्यात घातली. नाक पार भिंतीला. मग दात उपटावा तशी घासाघीस झाली, सह्या झाल्या, पैसे गोजराने घरून दिलेल्या कापडी पिशवीत गेले. स्वस्तात मिळालं या आनंदात हौसेराव एकदम मऊ झाला. असा तो कुणी पाहिलाच नव्हता.

"पायी कुठं जाता? शिरवण्याला सोडतो. तुमची शेवटची सवारी. वहिनींच्या हातचा चहा पण पितो."

तो गाडीत बसला. चावी फिरवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं.

"बाजूला व्हा, बाहेर काढतो."

नामाने गाडीच्या लाल पाठीवरून एकदा हात फिरवला. आत गिअर खरखरला. पुन्हा खरखरला. नामाने पिशवी काखेत घट्ट केली, आणि मागे न बघता गाळ्यातून बाहेर पडला.