आधी शिकलेलं

लेकीच्या दाखल्यासाठी कॉलेजच्या खिडकीपाशी उभी होते. पुढे एक मुलगी होती. बारावीत असतानाच तिनं पदवीच्या पहिल्या वर्षाचा इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर दिला होता. त्याचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, इथे धरावेत म्हणून ती आली होती. प्रमाणपत्र दिलं तरी तिचं समाधान होईना. खाकी कव्हराची प्रयोगवहीसुद्धा तिनं आत सरकवली. खिडकीतल्या बाई पानं उलटत होत्या आणि ही त्यांच्या बोटांकडे बघत होती.

मला माझं नवं सासर आठवलं. लहानपणापासून दहा माणसांचा स्वयंपाक करत आलेल्या मला सासूबाईंनी भात कसा लावायचा ते शिकवलं. मीही शहाण्यासारखी "हो आई" म्हणत राहिले. नव्या दारात माणसाला चपलांबरोबर आधीचं शिकलेलंही बाहेरच काढून ठेवावं लागतं.

"हा पेपर पुन्हा द्यावा लागणार नाही," बाईंनी शिक्का मारला.

"म्हणजे हे मला येतं, असं धरलंत?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "धरायचं काय त्यात? येतंच की तुला."

वाक्य त्या मुलीसाठी होतं. घरी मात्र मी ते माझंच असल्यासारखं घेऊन आले.