देवीच्या पायाशी ठेवलेली नळी

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेही बायोकेमिस्ट्रीत. हे मी सांगते, कुणाला टोचलं तरी सांगते.

बाबा गुढियारीच्या मालधक्क्यावर ट्रकवरून डोक्यावर पडले. दवाखान्यात हाका मारल्या, चिमटे काढले, डोळे उघडेनात. डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी सांगितली. मेंदूच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. तो किती उतरला, यावरून आणि बाकीच्या तपासण्यांवरून, माणूस शुद्धीवर येईल का याचा अंदाज बांधतात. तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये व्हायची होती. रक्ताची नळी आत्या घेऊन गेली.

आकडा भलताच वाढलेला आला. काका म्हणाले, आता घरी नेऊ, गंगाजल तरी घरी पडेल तोंडात. पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, लोक माना हलवू लागले.

मी रिपोर्ट हातात घेतला. खाली बारीक अक्षरात होतं, नमुन्यात लाल पेशी फुटलेल्या आहेत. तो पदार्थ लाल पेशींतही असतो. त्या पेशी नळीतच फुटल्या तर आकडा उगाच फुगतो.

नळी सरळ लॅबमध्ये नेली ना, असं आत्याला विचारलं. ती म्हणाली, "देवीच्या पायाशी ठेवली न बाई. पुजारी जेवाले गेला होता, तो येईपर्यंत बसली." मे महिन्याची दुपार, आणि पुढे खड्ड्यांतून ऑटो; पेशी फुटायला एवढं पुरे.

मी काकांना सांगितलं, पुन्हा रक्त काढल्याशिवाय बाबा इथून हलणार नाहीत.

"बी.एस्सी. झाली म्हणून डॉक्टर झाली का तू, पोट्टी?"

"डॉक्टर नाही झाली, काका. पण वाचता येते मले."

आणि मी उठून डॉक्टरांकडे गेले. आमच्यात कुणी डॉक्टरला प्रश्न विचारत नसे. ते म्हणाले, ती ओळ मीही पाहिली, दुसरा नमुना घेणारच होतो. एका आकड्यावर कुणाला घरी पाठवत नाही.

दुसऱ्या नळीसाठी आत्यानं हात पुढे केला. मी म्हटलं, रिपोर्ट ने देवीकडे, नळी माझ्याजवळ राहील.

आकडा उतरला. होता वाढलेलाच, पण आशा सोडण्याइतका नाही. बाबा दवाखान्यातच राहिले, आणि हळूहळू त्यांची नजर माझ्यामागे फिरू लागली.

आज त्यांचा उजवा हात चालत नाही, शब्द अडतात. काका म्हणतात, देवीनं वाचवलं. म्हणू देत. डाव्या हातानं चहा सांडत पिणारे हे बाबा, यांनाच तुम्ही घरी नेत होता, एवढं मी चारचौघांत त्यांना ऐकवतेच.