चांगुणाबाईचा आकांत

चारठाण्यात चांगुणाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण ती स्वतः कशाला भ्यायची, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या रानात खुरपून, कापूस वेचून तिनं एकुलत्या एका बालाजीला वाढवलं. तो आता ट्रक चालवायचा, पार ओडिशापर्यंत जायचा. 'पोरगा बरा निघाला' असं कुणी म्हटलं की ती लगेच म्हणायची, "कशाचा बरा, निस्ता उनाड हाय." दृष्ट लागू नये म्हणून.

गावातल्या 'टवाळ मंडळीं'त ती अपघातानंच शिरली. लग्नाचं शूटिंग करणारा सिद्धोधन, मोबाईल दुरुस्तीवाला आदिनाथ आणि त्यांचे दोन-तीन दोस्त मिळून पाच-पाच मिनिटांचे विनोदी व्हिडिओ करायचे. एकदा त्यांनी हापशापाशी वाट अडवून शूटिंग मांडलं, तेव्हा चांगुणाबाईनं डोक्यावरचा हंडा न उतरवता त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कॅमेरा चालूच होता. तो व्हिडिओ इतका पळाला की मानवतच्या बाजारात लोक तिला अडवून म्हणू लागले, "मावशी, आमाला बी चार शिव्या द्या की!" तेव्हापासून तिच्याशिवाय व्हिडिओ होईना.

मग सिद्धोधनच्या डोक्यात सिनेमा घुसला. दोन तासांचा, मोठ्या पडद्यावरचा. येलदरीच्या धरणात मासे धरणारा बाळू आणि त्याची तोंडाळ माय, अशी गोष्ट त्यानं लिहिली. बाळू आदिनाथ, माय चांगुणाबाई. निम्मं शूटिंग हसण्याखिदळण्यात झालं. तेव्हा कुठं त्यानं शेवट वाचून दाखवला. बाळू धरणात बुडतो आणि माय त्याच्यावर पडून आकांत करते.

चांगुणाबाई ताडकन उठून उभी राहिली.

"ह्ये मी करणार न्हाई."

"का वं मावशी?"

"लेकाच्या मढ्यावर रडायचं? वास्तू तथास्तु म्हणत असती, बाबा. माझं लेकरू रात-दिस रस्त्यावर हाय."

"शब्दानं माणूस मरत न्हाई, मावशी. आन् ह्यो बाळू हाय. तुमचा बालाजी न्हाई."

"न्हानपणी मी त्याला बाळूच म्हणायची!"

सिद्धोधन चपापला. नाव ठेवताना हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि आता निम्म्या सिनेमात तेच नाव बोलून झालं होतं.

"मंग बुडवू नको त्याला," ती काकुळतीला आली. "मुंबईला धाड. नापास कर. काय बी कर."

"तुमी किती दिवस लोकायला निस्तं हसवणार, मावशी? एकदा रडवून दाखवू की. तुमच्याबिगर हे कुणाला जमायचं न्हाई."

शेवटी ती एका अटीवर कबूल झाली. नाव घ्यायचं नाही. नुसतं 'माझ्या राज्या' म्हणायचं.

धरणाच्या काठावर चादरीखाली आदिनाथ आडवा झाला. चांगुणाबाईनं आधी त्याच्या नाकाशी हात धरून श्वास पाहिला, मनात मारुतीला नारळ बोलली आणि गुडघ्यांवर बसली. चादर बाजूला केली तर ओल्या केसांचं, मिटल्या डोळ्यांचं तोंड. तिला आपण कुठं आहोत याचं भान राहिलं नाही. "माझ्या राज्या रं" म्हणता म्हणता गळ्यातून भलतंच फुटलं, "बालाजी! आरं माझ्या बालाजी रं!"

चादरीखाली आदिनाथच्या अंगावर काटा आला. चांगुणाबाई तोंडावर हात दाबून तशीच बसली होती.

"ते पुसून टाक," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता पुस."

सिद्धोधनचे डोळे भरले होते. "मावशी, असं परत न्हाई यायचं," एवढंच तो म्हणाला.

तिनं तिथूनच लेकाला फोन लावला. बंद. घरी येऊन लावला, तरी बंद. त्या दिवशी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या धुरपताबाईनं भाकरी आणून दिली, तीही तशीच पडून राहिली. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की तिला वाटायचं, आला कुणीतरी सांगायला. आपण आपल्या तोंडानं लेकाला मारलं, हेच डोक्यात घोळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "माय, घाटात टरक बंद पडला व्हता, तिथं रेंजच नव्हती गं," बालाजी म्हणाला. तिनं रडत रडत सगळं सांगितलं, तर तो हसायला लागला. "म्हंजी मी मेलो व्हय पिच्चरमधी?"

"थू थू म्हण आधी!" ती ओरडली.

पण भीती गेली नाही. सिनेमा जितक्यांदा दाखवतील तितक्यांदा ते बोल निघणार आणि तितक्यांदा वास्तू तथास्तु म्हणणार.

जिंतूरच्या एका मंगल कार्यालयात पडदा लावून पहिला खेळ झाला. सगळं गाव लोटलं होतं. सुरुवातीला लोक खूप हसले, मग कंटाळले. पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ एकापुढं एक चिकटवल्यासारखा सिनेमा होता. गाणं संपता संपेना, ओठ आणि आवाज जुळेनात. आदिनाथ बुडाला तेव्हाही मागून शिट्ट्या आल्या. पडद्यावर चांगुणाबाई धावत आली आणि सवयीनं सगळे हसले. मुठीत पदर चुरगाळून बसलेल्या चांगुणाबाईला बरं वाटलं. हसू द्या. हसण्यावारी गेलेलं देव मनावर घेत नसेल.

पण हळूहळू हसू थांबलं. पडद्यावर तिनं चादर बाजूला केली. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सिद्धोधनला जी शांतता हवी होती ती हीच, आणि चांगुणाबाईला तीच सोसेना. सगळ्यांना खरं वाटायला लागलंय! "बालाजी!" अशी हाक उठली, तशी ती अंधारात उभी राहिली.

"मेला न्हाई त्यो! माझा बालाजी जिता हाय! टरकावर हाय!"

सगळं कार्यालय हसण्यानं फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. पुढचं कुणी ऐकलंच नाही.

सिद्धोधन बरेच दिवस तिच्या दारात फिरकला नाही. मग एका सकाळी येऊन ओट्यावर बसला. तिनं चहा दिला. "मावशी, नाव काढलं मी," तो म्हणाला. "तेवढ्या जागी आवाज बंद केलाय."

"तुझा पिच्चर नासवला मी."

"पिच्चर तसा बी अर्धाच जमला व्हता." तो हसला, पण कप खाली ठेवताना तिच्याकडं पाहिलं नाही.

सिनेमा पुढं त्यांनी मोबाईलवर टाकून दिला आणि मंडळी पुन्हा छोट्या व्हिडिओंकडं वळली. दिवाळीला बालाजी घरी आला. जेवण झाल्यावर ओट्यावर पाय पसरून तो सिनेमा पाहत बसला. चांगुणाबाई भांडी तशीच टाकून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या दंडाला धरून बसली. पडद्यावर तिचं तोंड उघडलं आणि आवाज गेला.

"माय, हितं आवाज का गेला गं?"

"त्यांची मशीनच तसली," ती म्हणाली आणि ते दृश्य सरेपर्यंत तिनं त्याचा दंड सोडला नाही.