समासातले ‘का?’

आमच्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकांना आम्ही भिंगकाका म्हणायचो. चुकलेल्या वेलांटीवर असा तुटून पडणारा खडूस माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी अक्षरजुळणी करायची, त्यामुळे रडकुंडीला येण्याचा मान माझाच. काका प्रुफं नेहमी शेवटच्या पानाकडून वाचायचे. गोष्टीत गुंतलं की चुका निसटतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी मात्र पहिल्या पानापासून बसले. कादंबरी त्यांच्या लेकीची होती. “बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच छापायची,” असं बजावून ती गेली होती. चार वाजता येणार होती.

सुरुवात काय झकास! एका गावात रोज एकाची सावली नाहीशी होते आणि कुलपं दुरुस्त करणारी बाई माग काढायला निघते. काका डबा उघडायला विसरले. “पोरीनं कमाल केलीय!” हे मला दोनदा ऐकवलं. माझ्या वाट्याला असं कौतुक कधी आलं नव्हतं.

दुपारी नववं प्रकरण लागलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. बाई शोध सोडून नुसती समजावत बसली होती. सावली का जाते, कुठे जाते, कुलूप कसं उघडतं. गूढ म्हणून काही उरलंच नाही. काका सारखे घड्याळाकडे बघत होते. खोटं त्यांना जमायचं नाही, आणि खरं बोलले तर पोर कोलमडणार.

साडेतीनला त्यांनी पडताळायला आणलेली लेकीची पहिल्या खर्ड्याची वही उघडली. पहिली आठ प्रकरणं तिनं कुणालाही न दाखवता लिहिली होती. नवव्यापासून मात्र, मागचं थोडक्यात सांगून, दर रविवारी बाबांना वाचायला द्यायची. तिथून पुढे समासात काकांच्या पेन्सिलीनं जागोजागी लिहिलेलं, ‘का?’ ‘कसं?’ ‘कुठून?’ छापायला देण्याआधी लेकीनं एकूण एक प्रश्नाचं उत्तर इमानेइतबारे कादंबरीत घातलं होतं. काकांनी चष्मा काढून ठेवला.

चारला ती आली. “कशी झालीय, बाबा?”

“आठव्यापर्यंत फार सुंदर. पुढची मी बिघडवली,” काकांनी वही तिच्यापुढे सरकवली. “इतके प्रश्न विचारायला नको होते गं.”

ती पानं उलटत राहिली. “मला वाटायचं, तुम्हाला काही पटतच नाहीये.”

“अगं, पुढच्या रविवारपर्यंत दम निघायचा नाही, म्हणून विचारायचो!”