वडाला मारलेली मिठी

डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, "जरा झाडाझुडपांत जात जा." मी तळवड्यातल्या एका कंपनीत क्वालिटी बघतो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्यावर बीपी वाढणारच. त्याच आठवड्यात मोबाइलवर एक माणूस झाडाला मिठी मारून शांत होताना पाहिला. मग काय, रविवारी बायकोला घेऊन चाकणच्या पलीकडच्या एका गावात गेलो. तिथला वड फार जुना, लोक मुद्दाम बघायला येतात असं ऐकलं होतं.

वड खरंच अफाट होता. पारंबी कुठली आणि खोड कुठलं, कळेना. पारावर नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. बायकोला म्हटलं, "व्हिडिओ काढ." डोळे मिटले, गाल टेकवला आणि खोडाला घट्ट मिठी मारली.

पाच-सहा श्वास घेतले असतील. शांतता मानेवरून पाठीत उतरतेय असं वाटलं. ते मुंगळे होते.

मी किंचाळलो, शर्ट काढून भिरकावला आणि पारासमोर थयथय नाचू लागलो. आजी धावत आल्या. वाटलं, मदतीला. त्यांनी हात जोडले. "देवा, माझ्या नातवाला कंपनीत पर्मनंट कधी करत्याल?"

"आजी, मुंगळे!" मी ओरडलो. बायको हसून हसून खाली बसली होती.

"मुंगळं व्हय?" आजींचा चेहरा पडला. "मला वाटलं, अंगात आलं." मग त्यांनीच पदरानं माझी पाठ झटकली, शर्ट आपटून हातात दिला. "झाडाच्या त्या अंगाला आमी कुणी हात लावत न्हाई."

जरा दम खाल्ल्यावर त्यांनी विचारलं, कामाला कुठं? मी सांगितलं, तेही रुबाबात. त्या सरकून जवळ आल्या. "मग तुमीच बगा की. चार वरसं झाली, पोरगं काँट्रॅक्टवरच हाय."

"बघतो," मी म्हणालो. कंपनीत टेबलासमोर उभं राहून हेच विचारणाऱ्या पोरांना मी असंच म्हणतो आणि कॉम्प्युटरकडे वळतो. इथे वळायला कॉम्प्युटर नव्हता. आजींनी नातवाचा नंबर पाठ म्हणून दाखवला आणि मी टाइप केलेला माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

सोमवारी एचआरमध्ये विचारलं. पर्मनंटची जागा नव्हती. नातवाला फोन करून तसं सांगितलं.

तो म्हणाला, "काका, आजीला एवढ्यात सांगू नका. ती लय खूश हाय."

मी नाही सांगितलं.