उपाशी आणि उपास

माझी सात वर्षांची पोर गळ्यातल्या गाठीसाठी जळगावच्या दवाखान्यात ठेवली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "उद्या हिला उपाशी ठेवा. भूल दिल्यावर उलटी व्हायला नको." मी दुसरी शिकलेला, पण कुणाला पुन्हा विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं. उपाशी म्हणजे उपास, असं मी धरलं. सकाळी पोर भुकेनं रडायला लागली, तेव्हा आमच्या बागेतली दोन केळी तिला चारली. उपासाला केळं चालतंच. "उपाशी आहे ना?" असं नर्सनं विचारलं, तर मी ठासून सांगितलं, "हो, उपास आहे."

भूल चढतानाच तिला उलटी झाली आणि ती श्वासनळीत अडकली. पोर शुद्धीवर आलीच नाही. मी डॉक्टरांशी भांडलो, "केळंही नको, एवढं सांगायला काय झालं होतं?"

घरी बायकोनं रडता रडता एकच विचारलं, "पोर उपाशी तं नाही ना गेली?"

"नाही," मी म्हणालो, "आपली दोन केळी खाल्ली होती."

तेवढ्यानं तिला बरं वाटलं. ती मरेपर्यंत मी पुढचं सांगितलं नाही.