अक्का जुना पाइप कापायची

राजम्माक्काच्या मुलाचा, श्रीनिवासचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात आमच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. "आई गेली," तो म्हणाला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गाडीत?" तो म्हणाला, "घरात गं. चहा पिता पिता. गाडी दारातच उभी हाय." या प्रश्नाबद्दल मला नंतर बऱ्याच जणांनी सुनावलं. मरणाच्या बातमीवर कुणी असं विचारतं का? राजम्माक्कानं विचारलं असतं. संशय घ्यायला मला तिनंच शिकवलं, आणि तिच्याबद्दल लिहिताना तो बाजूला ठेवून गोडगोड लिहिणं मला जमणार नाही.

कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत ती आमची शेजारीण. विड्या वळून बोटं आखडायला लागली तेव्हा ती गाडी शिकली, एक जुनी व्हॅन घेतली आणि आम्हा पोरांना सोलापुरातल्या शाळेत सोडायला लागली. दर सोमवारी पोरं चढायच्या आधी ती चाकांना दगड लावायची, पोतं अंथरून गाडीखाली शिरायची आणि मला ड्रायव्हरच्या जागी बसवायची. ब्रेकला पाय पोचावा म्हणून मी सीटच्या टोकाला घसरून बसायचे. खालून आवाज यायचा, "दाब!" मी दाबायचे. "दाबून धर की! जेवली न्हाईस काय?" पुढच्या दोन्ही चाकांशी वीतभर रबरी नळी असते, तिला होज पाइप म्हणतात. ब्रेकचं ऑइल तिच्यातून चाकाकडे जातं. चाक वळतं, उसळतं, म्हणून तेवढ्यापुरतं रबर. ते फुटलं की ब्रेकवरचा पाय थेट तळाच्या पत्र्याला टेकतो आणि गाडी थांबत नाही. अक्का तो पाइप वाकवून भेगा बघायची, मग मुठीत धरून मला ब्रेक दाबायला लावायची. मुठीत फुगला की बदलायचा. एक खराब निघाला तरी दोन्ही बदलायचे.

तिचा विश्वास कुणावरच नव्हता. पंपावर मीटर शून्यावर आल्याशिवाय ती झाकण उघडू द्यायची नाही. गाडी आरटीओत पासिंगला नेली की परतताना चिडलेली असायची. "रंग बघितला, दिवे बघितले, हॉर्न वाजवला. खाली वाकलं का कोण? पोरं काय हॉर्नवर बसत्यात?" माझ्या पहिल्या पत्रकाची पहिली ओळ मी तिथूनच उचलली. पण सगळ्यात जास्त संशय सलीमभाईवर. मार्केट यार्डाजवळ त्याचं गॅरेज, तोंड दिवसभर चालू. पाइप बदलून झाला की अक्का हात पुढं करायची, "जुना दे." आणि पिशवीतून विडीचं पान कापायची कात्री काढून त्याच्यासमोर पाइपचे दोन तुकडे करायची. सलीमभाई म्हणायचा, "अक्का, कापून भाजी करायलाव काय त्याची?" ती म्हणायची, "पुसून, चमकवून दुसऱ्याच्या गाडीला लावशील. ती बी कुणाची तरी लेकरंच हायत."

एकदा नवे पाइप वर्षाच्या आत फुगले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अक्कानं भर गॅरेजात त्याला डुप्लिकेट माल घालणारा म्हटलं. मी तोवर कॉलेजात, शाळेच्या गाड्यांसाठी आंदोलन करणाऱ्यांत सामील झालेले. त्याच्या नावानं पत्रक काढायला हात शिवशिवत होते. "थांब पुढारीण बाई," अक्का म्हणाली, "आधी खात्री." सलीमभाई पेटला होता. "तुमी शक घ्यायलाव माझ्यावर! दर खंडेनवमीला गाडी धुवायला नेताव, खालून डिझेलचा फवारा मारून घेताव चमकायला. रबर पितंय ते डिझेल!" ते अगदी खरं होतं. खंडेनवमीला पूजेआधी गाडी खालून-वरून लखलखली पाहिजे, ही तिची हौस. इकडं कोण नाही करत? पण त्याच्या शब्दावरही ती विसंबली नाही. नव्या पाइपचा एक तुकडा डिझेलच्या डब्यात बुडवला, दुसरा कोरडा ठेवला, आणि रोज सकाळी दोन्ही चिमटीत धरून बघायची. डिझेलमधला हळूहळू जाड झाला, लिबलिबीत झाला. तो घेऊन ती गॅरेजात गेली. माफी वगैरे काही नाही. "तुझं खरं निघालं," एवढंच. मग लगेच, "तरी पण जुना पाइप मलाच द्यायचा." सलीमभाई एवढा हसला की पाना हातातून पडला.

संशय घेणारे मला खूप भेटतात, आमच्या संघटनेत तर ढिगानं. पण आपलीच चूक असेल तर ती सापडावी म्हणून डबा भरून ठेवणारी तीच एक. पालक मात्र पोराला गाडीत कोंबून हात हलवणार आणि घरात जाणार! खाली वाकून बघायला कंबर दुखते?

अक्काचे विधी आटोपल्यावर श्रीनिवास म्हणाला, सोमवारपासून पोरांची फेरी तो सुरू करणार. मी शनिवारी गेले. गाडी धुऊन चकचकीत उभी, आणि जवळ जाताच डिझेलचा वास. "आईला अशीच लखलखीत आवडायची," तो म्हणाला. मी पोतं मागितलं. "आई गेली, आता तू आलीस व्हय संशय घ्यायला?" तरी त्यानं मागचं दार उघडलं. पोतं कोपऱ्यात घडी घालून पडलेलं. उचललं तर घडीवर धुळीचा जाड थर, आणि घडीत कोळ्यानं घर केलेलं.

हे पोतं किती सोमवार उघडलंच नव्हतं? मला आठवलं, उन्हाळ्यात तिचे गुडघे धरले होते. मी विचारलं होतं, "अक्का, पाइप बघतेस ना?" ती म्हणाली होती, "बघते की." आणि मी, जी कुणाच्या सही-शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही, ती चहा पिऊन निघून आले होते.

श्रीनिवास सीटवर बसला, मी खाली गेले. डावा पाइप वाकवला. जुन्या, खोल भेगा, कालच्या डिझेलच्या नव्हेत. "दाब," मी ओरडले. पाइप माझ्या मुठीत फुगला. या पाइपवर वसाहतीतली पोरं रोज जाऊन आली होती. गाडीखाली पडूनच मी तिच्यावर मनसोक्त चिडले. सांगायचं होतंस की, बाई. मला हाक मारणं तुला एवढं जड कधी झालं? वरून श्रीनिवास विचारत होता, "सोडू का?" मी मग त्यालाच खाली बोलावलं आणि त्याचा हात त्या भेगांवर ठेवला. तो उठून आत गेला आणि खिळ्यावरची विडीची कात्री घेऊन आला.

सलीमभाईनं दारात येऊन दोन्ही पाइप बदलले, ब्रेकमधली हवा काढली, आणि न मागता जुने पाइप पुढं केले. "घ्या ताई. न्हाईतर अक्का वरून शक घेईल." रबर आतून कडक झालेलं, कात्री एका दाबात चालेना. श्रीनिवासनं माझ्या हातावर हात ठेवला, मग तुकडे झाले.

आता दर सोमवारी पोरं यायच्या आधी व्हॅन माझ्या दारात हॉर्न देते. पोतं तो स्वतः झटकून अंथरतो. गेल्या सोमवारी मी खालून म्हटलं, "फुगत नाही. ठीक आहे." श्रीनिवास सीटवरून उतरला. म्हणाला, "सरक. मला बघू दे."